विश्वाचा इतिहास जुन्नर तालुक्यातनं शिकवा

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. एफवायबीएस्सीला आहे, पुण्यात. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा असं जे काही ताट वाढलंय त्यातल्या ओपन इलेक्टिव्हमध्ये त्याला विश्वाचा इतिहास मिळाला, दोन क्रेडिटचा. म्हणाला, मावशी तू इतिहास शिकवतेस ना, मग यातला इतिहास कुठाय ते सांग. आणि पीडीएफ पाठवली. पहिल्या स्लाइडवर स्फोटाचं चित्र, दुसऱ्यावर तारे, मग पृथ्वी, मग मासा पाण्यातनं बाहेर येतोय, मग माकडाचा माणूस होतोय ती सगळ्यांना पाठ असलेली रांग, मग शेती, मग वाफेचं इंजिन आणि शेवटी मोबाइल धरलेला हात. खाली आठ पायऱ्यांची नावं, तेवढीच पाठ करायची. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण पीडीएफ इकडची तिकडे फिरत असतात.

मी त्याला म्हटलं यात इतिहास नाहीये बाळा, यात फक्त तारखा आहेत. पण फोन ठेवल्यावर वाटलं की हे जरा पटकन बोलले. कारण विषय मला मनापासून आवडतो आणि तो शिकवला जावा असंच माझं मत आहे, फक्त असा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेव्हिड ख्रिश्चन म्हणून एक इतिहासकार आहेत, मुळात रशियाच्या इतिहासाचे माणूस. १९८९ साली सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात त्यांनी एक कोर्स सुरू केला, ज्यात पहिला तास खगोलशास्त्रज्ञाचा, मग भूगर्भवाला, मग जीवशास्त्र, मग मानववंश आणि शेवटी इतिहासवाले. नाव पडलं बिग हिस्टरी. त्यांच्या मांडणीत आठ उंबरठे आहेत, महास्फोट, तारे, जड मूलद्रव्यं, ग्रह, जीव, माणसाचं सामूहिक शिकणं, शेती आणि आधुनिक क्रांती. बिल गेट्सनी व्यायाम करता करता त्यांची लेक्चरं बघितली, भारावले, पैसे घातले, आणि शाळांसाठी फुकट ऑनलाइन अभ्यासक्रम तयार झाला. अमेरिकेत यावर टीकाही झाली, की एका श्रीमंत माणसाला आवडलं म्हणून पोरांनी इतिहास असा शिकायचा का. टीका अगदी चुकीची नव्हती. पण म्हणून कल्पना वाईट ठरत नाही, पैसा कुणाचा आणि कल्पना कशी हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा विषय गोष्ट म्हणून शिकवला की मेला. तो भांडण म्हणून शिकवायला पाहिजे. आणि त्याची सुरुवात स्फोटाच्या चित्रापासून नाही तर जिथे उभे आहोत तिथल्या दगडापासून व्हायला पाहिजे.

आधी कालाचं माप घेऊ, ते घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १३८० कोटी वर्षं म्हटलं की डोकं बंद पडतं. मी वर्गात एक खेळ करते. पुणे-नाशिक एसटी डोळ्यासमोर आणा, २१० किलोमीटर धरा. पुण्याला स्टँडवर महास्फोट, नाशिकला आज. म्हणजे एक किलोमीटर म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षं झाली. विश्व निवळून पहिला प्रकाश मोकळा झाला ती ३ लाख ८० हजार वर्षं म्हणजे सहा मीटरसुद्धा नाहीत, कंडक्टरने अजून डबल बेल दिलेली नाही. पहिले तारे पेटतात तेव्हा गाडी शिवाजीनगर-वाकडेवाडीच्या गर्दीतच अडकलेली असते. मग चाकण गेलं, राजगुरुनगर गेलं, मंचर गेलं, नारायणगाव, आळेफाटा सगळं गेलं तरी पृथ्वीचा पत्ता नाही. पृथ्वी तयार होते थेट संगमनेरला. जीव म्हणाल तर संगमनेर सोडल्यावर थोड्या वेळात, पण नुसते सूक्ष्मजीव, आणि सिन्नर मागे पडलं तरी तेच. डोळ्याला दिसतील असे प्राणी यायला नाशिकरोड उजाडतं. डायनोसॉर द्वारका सर्कलच्या अलीकडे-पलीकडे. सह्याद्रीचा हा सगळा काळा दगड ओतला गेला तो शेवटच्या एका किलोमीटरात, आपली माणसाची जात उतरायच्या आधी चार-पाच मीटरवर, शेती वीतभर अंतरावर, सातवाहन तीन सेंटिमीटरवर आणि शिवजन्म सहा मिलिमीटरवर.

पोरं हसतात, मग गप्प होतात. एक मुलगी म्हणाली होती मॅडम, मग आपण कशाला सहा मिलिमीटरवरनं एवढी भांडणं करतो. मला तिचं वाक्य आवडलं, पण खरं सांगू का, तिथेच या विषयाची पहिली खोच आहे. तिच्याकडे परत येते.

या रस्त्यावर नारायणगाव येतं पुण्यापासून पंचाहत्तरेक किलोमीटरवर. आमच्या मापाने तिथे विश्वाचं वय होतं साधारण ४९० कोटी वर्षं. आता हा निव्वळ योगायोग, पण काय योगायोग! नारायणगावपासून जवळच खोडदला जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, चौदा मध्यभागी आणि बाकीच्या वाय आकारात पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातनं आणि हातातनं उभी राहिलेली दुर्बीण. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो आणि विश्व पसरतंय म्हणून लांबनं येता येता ती लहर ताणली जाते. २०२३ च्या जानेवारीत बंगळुरूच्या आयआयएससी आणि कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं की याच डिशनी एका फार लांबच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा आवाज पकडलाय, ताणून ताणून ४८ सेंटिमीटर झालेला, मध्ये दुसरी आकाशगंगा भिंगासारखी आडवी आली म्हणून एरवी ऐकू न येणारा तो आवाज वाढला. तो तिथनं निघाला तेव्हा विश्वाचं वय होतं ४९० कोटी वर्षं. म्हणजे आमच्या एसटीच्या हिशोबात नारायणगावलाच! मी हे पहिल्यांदा गुणाकार करून बघितलं तेव्हा एकटीच स्वयंपाकघरात हसत बसले होते.

आता खोडदवरनं फार लांब जायचं नाही, त्याच जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गाव आहे. तिथे नदीच्या गाळात पांढरट राखेचा थर आहे. ही राख आपल्याकडची नाही. सुमात्रात टोबा म्हणून ज्वालामुखी आहे, तिथनं हजारो किलोमीटर उडत आलेली. आणि राखेच्या जवळच दगडी हत्यारं सापडली, हातकुऱ्हाडी. मग वाद सुरू झाला तो थांबतच नाही. काही जण म्हणाले ही टोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या त्या प्रचंड स्फोटाची राख. काहींनी पोटॅशियम-आर्गॉन या वय काढायच्या पद्धतीने मोजलं तर वय कित्येक लाख वर्षं निघालं, मग ती टोबाच्याच जुन्या स्फोटाची ठरते, आणि तसं असेल तर हत्यारंही तितकीच जुनी. राखेची रासायनिक ओळख पटवणारा एक, वय मोजणारा दुसरा, नदीने गाळ उलथापालथ केला का हे बघणारा तिसरा, आणि ही हत्यारं कुठल्या काळाच्या घडणीची हे सांगणारा पुरातत्त्ववाला चौथा. चौघांची उत्तरं जुळली तर इतिहास, नाही जुळली तर पुन्हा नदीकाठी जा. माझ्या मते विश्वाच्या इतिहासाचा पहिला तास हाच असायला पाहिजे. महास्फोट नंतर बघू, तो कुठे पळून जात नाही.

त्याच तालुक्याच्या पश्चिमेला नाणेघाट. सातवाहन राणी नागनिकेचा लेख, त्यात यज्ञांची यादी आणि दक्षिणा दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी, यांचे आकडे. हे आकडे गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत, ब्राह्मी अंकांचा फार जुना पुरावा म्हणून. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, लोक म्हणतात जकातीची नाणी त्यात टाकायचे. म्हणतात बरं का, पुरावा वेगळी गोष्ट आहे. खाली जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवन, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीकांसारखे परदेशी, दात्यांचे लेख आहेत, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने म्हणजे संघाने दान दिलेलं लेणंसुद्धा आहे. हा घाट इथे का? कारण कोकणातनं देशावर चढायला लाव्ह्याच्या थरांमध्ये झिजून झिजून खिंड पडली. लेणी इथे का? कारण बेसॉल्ट आडव्या थरांनी साचलाय, चांगला एकसंध थर बघून आत शिरता येतं आणि छत टिकतं. शिवनेरीचे कडे ताठ का? तेच कारण. हा दगड काही फक्त पार्श्वभूमी नाही, तो गोष्टीतलं एक पात्र आहे, आणि आम्ही इतिहासवाले त्याला वर्षानुवर्षं पहिल्या प्रकरणात 'महाराष्ट्राची भौगोलिक रचना' म्हणून दीड पानात निकालात काढत आलोय.

आणि ऊस! हे मी विसरले असते. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला, तिथेच वाढला, आता जुन्नरला बिबट्या म्हणजे रोजची बातमी आहे, लोक रात्री शेतात पाणी द्यायला जायला घाबरतात आणि घाबरण्यासारखंच आहे. ऊस माणसाने पहिल्यांदा लावला तो न्यू गिनीत, हजारो वर्षांपूर्वी. उसाची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत गव्हा-तांदळाहून वेगळी, कडक उन्हात जास्त साखर करणारी, तिला स्वतःचा काही कोटी वर्षांचा इतिहास आहे. म्हणजे बिबट्याचा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर वनखात्याला, साखर कारखान्याला, पाटबंधाऱ्याला आणि वनस्पतिशास्त्राला एका टेबलावर बसवावं लागतं. आत्ता काय होतं, पिंजरा लावतात.

हे सगळं एका तालुक्यात आहे, मुद्दाम शोधून जमवलेलं नाही. दुसऱ्या तालुक्यात दुसरं असेल.

आता भांडण म्हणून शिकवा याचं माझं आवडतं उदाहरण सांगते, तेही शेवटी आपल्याच घाटात येऊन थांबतं. वॉल्टर अल्वारेझ हे भूगर्भशास्त्रज्ञ. इटलीत गुब्बिओ गावाजवळ चुनखडीच्या थरांमध्ये एक सेंटिमीटरभर मातीचा थर त्यांना दिसला, त्याच्या खाली डायनोसॉरच्या काळातले सूक्ष्म जीव आणि वर जवळजवळ काहीच नाही. ही माती साचायला किती वर्षं लागली असतील? हा प्रश्न त्यांनी वडिलांना विचारला. वडील लुइस अल्वारेझ, भौतिकशास्त्राचे नोबेलवाले. वडील म्हणाले इरिडियम हा दुर्मीळ धातू मोजू, ते आकाशातल्या धुळीतनं हळूहळू एका वेगाने पडत असतं, म्हणजे घड्याळासारखं वापरता येईल. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या दोन अणुरसायनवाल्यांनी मोजलं, तर इरिडियम अपेक्षेपेक्षा तीसेक पट जास्त निघालं. घड्याळ म्हणून काढलेलं यंत्र साक्षीदार निघालं. १९८० साली चौघांनी लिहिलं की अवकाशातनं मोठा धोंडा आदळला. जीवाश्मवाले खवळले, की हा भौतिकशास्त्रवाला आम्हाला डायनोसॉर शिकवणार का. लुइसनीही त्यांना नंतर टपाल तिकिटं जमवणारे म्हणून हिणवलं. पुढे मेक्सिकोत युकातानला शंभर-दीडशे किलोमीटरच्यावर रुंद असलेलं विवर ओळखलं गेलं आणि धोंड्याची बाजू जड झाली.

पण दुसरी बाजू मिटली नाही, आणि ती दुसरी बाजू म्हणजे आपण. त्याच सुमाराला, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, इथे लाव्हा वाहत होता, आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर त्याचे थर आहेत. हवेत गेलेल्या वायूंनी जीव गेले का? या वादातले जे शोधनिबंध निघतात ते उघडून बघा, लाव्ह्याच्या थरांच्या गटांना नावं आहेत आंबेनळी फॉर्मेशन, पोलादपूर फॉर्मेशन, महाबळेश्वर फॉर्मेशन, भीमाशंकर, नेरळ! आपण ज्या घाटात उलटीची पिशवी हातात धरून बसतो त्याचं नाव जगातल्या सगळ्यात मोठ्या शास्त्रीय वादात आहे आणि पोलादपूरच्या शाळेतल्या पोराला ते माहीत नाही. २०१९ साली एका विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेली वयं छापून आली, एकाचा कल असा की एक मोठा लोट धोंडा आदळायच्या दहा हजारांहून जास्त वर्षं आधी सुरू झालेला, दुसऱ्याचा कल असा की बराचसा लाव्हा आदळल्यानंतरचा. दोघांच्या हातात एकाच सह्याद्रीचे दगड होते. आणि हेच वॉल्टर अल्वारेझ पुढे बर्कलीत बिग हिस्टरी शिकवायला लागले, त्या मंडळींची जी आंतरराष्ट्रीय संघटना २०१० साली निघाली तिच्या संस्थापकांमध्ये ते होते. म्हणजे या विषयाच्या मुळाशीच एक कडाक्याचं भांडण आहे, आणि आम्ही पोरांना देतोय आठ पायऱ्यांची यादी.

महास्फोटाचंही तसंच. हे नाव दिलं कुणी तर खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलनी, १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर, आणि त्यांना स्वतःला ती कल्पना मान्य नव्हती. त्याच हॉइलनी तिघांबरोबर १९५७ साली दाखवून दिलं की तुमच्या-माझ्या रक्तातलं लोखंड, हाडातलं कॅल्शियम ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या मरणात तयार होतं. म्हणजे आठ उंबरठ्यातल्या पहिल्यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि तिसरा त्यांनीच बांधलाय. त्यांचे शिष्य आपले जयंत नारळीकर. कोल्हापुरात जन्मले, केंब्रिजला गेले, परत आले, पुण्यात १९८८ ला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, मराठीत लिहिलं, आणि मे २०२५ मध्ये जाईपर्यंत महास्फोटाच्या सिद्धांतावर शंका घेत राहिले. जगातले बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते आणि माझ्या मते पुरावा बहुतेकांच्या बाजूने आहे, १९६५ ला सापडलेलं ते सर्वदूर पसरलेलं मंद प्रारण हाच मोठा पुरावा. पण एका मराठी मुलाला मी हे शिकवीन की असहमत राहायचं तर असं राहायचं, गणित मांडून, निरीक्षण मागून, आणि वर मान ताठ ठेवून. व्हॉट्सअपवर फॉरवर्ड करून नाही.

फॉरवर्डवरनं आठवलं. हा विषय आपल्याकडे आला की पहिली उडी कुठे पडणार ते मला माहितीये, आमच्या पुराणात हे सगळं आधीच आहे. आणि गंमत म्हणजे एका अर्थाने आहे! पूजेच्या आधी गुरुजी संकल्प सोडतात तो नीट ऐका. ब्रह्मदेवाचं दुसरं परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुग, जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य देश, गोदावरीचा दक्षिण तीर, शालिवाहन शक, मग महिना, पक्ष, तिथी, मग गोत्र आणि मग तुमचं नाव. विश्वाच्या सुरुवातीपासनं पाटावर बसलेल्या माणसापर्यंत एका श्वासात! ख्रिश्चनसाहेबांचे आठ उंबरठे याच्यापुढे पाल्हाळ वाटतील. हातावर पाणी सोडण्याआधी मी कुठे आणि कधी उभा आहे हे सांगायचं ही केवढी सुंदर सवय आहे. मला ती जपावीशी वाटते.

पण पुढचा मेसेज येतो की कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची, बघा जवळपास आला की नाही. नाही आला. पृथ्वीचं वय उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरनं काढलंय, ते उद्या कुणीही पुन्हा मोजू शकतो आणि चुकलं तर बदलू शकतो. ४३२ कोटी मोजून बदलता येत नाही, ते फक्त मानता येतं. दोन आकडे शेजारी बसले म्हणून नातेवाईक होत नाहीत. आणि हा धोका फक्त आपल्याकडचा नाही, बिग हिस्टरीवाल्यांनाही तोच मोह पडतो, ते स्वतःच हिला आधुनिक उत्पत्तिकथा म्हणतात, आणि उत्पत्तिकथा म्हटलं की डोळे मिटून ऐकायची सवय लागते. मला नवं पुराण नकोय, जुनं आहे ते पुरेसं गोड आहे.

एकीकडे हा उत्साह आणि दुसरीकडे २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातनं उत्क्रांती काढून टाकली, बोजा कमी करायचा म्हणून. अठराशेच्यावर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात मात्र दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती होता, याचं कौतुक कुणी केलं नाही म्हणून मी करून ठेवते. पण शाळेत मधला मजला काढायचा आणि कॉलेजात वरच्या मजल्यावर दोन क्रेडिटचं विश्व बांधायचं हे कसं जमणार?

आता त्या मुलीकडे परत. सहा मिलिमीटरवरनं कशाला भांडायचं. हे वाक्य ऐकायला उदात्त आहे, पण नीट बघा, ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला तुम्ही सांगताय की ब्रह्मांडाच्या मानाने तुझं काहीच नाही. लांबून बघितलं की सगळं गुळगुळीत दिसतं. 'मानवाने शेती सुरू केली.' कुठल्या मानवाने? बाईने की बाप्याने, स्वतःच्या रानात की दुसऱ्याच्या? 'मानवाने ऊर्जेचा वापर वाढवला.' गिरणीत राबणाऱ्याने वाढवला की गिरणीवाल्याने? जात त्या आठ उंबरठ्यांत कुठेच बसत नाही, आणि गावात मात्र खऱ्या उंबरठ्यावरच ती बसलेली असते. बिग हिस्टरीवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे आणि तो ढकलून देता येईल असं मला वाटत नाही. त्याला उत्तर एकच, भिंग सारखं बदलत राहायचं, कोटी वर्षं बघितली की लगेच एका वर्षावर यायचं. १६३० घ्या. शिवनेरीवर शिवजन्म, आणि त्याच १६३० ते ३२ मध्ये दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ. पाऊस का गेला ते हवामानाचं शास्त्र बघेल, पण पाऊस गेल्यावर कोण मेलं आणि कुणाच्या कणगीत धान्य होतं हा प्रश्न इतिहासाचाच, तो दुसरं कोण विचारणार नाही.

हे जमवून दाखवलेला माणूस आपल्यात होऊन गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या कोसबेनचे, जन्म १९०७. गणिती. टीआयएफआर म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी, पुण्याहून मुंबईला रेल्वेने जा-ये. पंचमार्क म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी तराजूत टाकून शेकडोंनी वजनं घेतली, की वापरात नाणं झिजतं, झीज मोजली तर किती काळ फिरलं ते कळेल. पुण्याच्या टेकड्यांवर हिंडून सूक्ष्म दगडी हत्यारं गोळा केली, गावोगावच्या शेंदूर लावलेल्या देव्या कुठे आहेत ते बघितलं आणि त्या जुन्या व्यापारी वाटांशी, लेण्यांशी ताडून पाहिल्या. संख्याशास्त्र, संस्कृत, पुरातत्त्व आणि पायपीट. त्यांचे सगळे निष्कर्ष आज टिकलेत असं नाही, काही जोरात खोडले गेलेत. पण बिग हिस्टरी हे नाव निघायच्या तीस वर्षं आधी हा माणूस ते करत होता आणि तेही जात-वर्ग न विसरता. डेक्कन कॉलेजचं इनामगावचं उत्खनन तसंच, १९६८ पासून बारा-पंधरा वर्षं घोड नदीकाठी, मातीची भांडी बघणारे, जळलेलं धान्य बघणारे आणि हाडं बघणारे एकाच तंबूत. त्या तंबूतनंच कळलं की ती माणसं बार्ली लावत होती, पाट काढून पाणी फिरवत होती, आणि उत्खनन करणाऱ्यांपैकी पुरातत्त्वज्ञ धवळीकरांनी मांडलं की हवा कोरडी होत गेली तशी ती वस्ती खालावत गेली. आमच्या कॉलेजात मात्र भूगोलाच्या मॅडमच्या आणि माझ्या स्टाफरूममध्ये एक जिना आहे आणि तो आम्ही वर्षातनं दोनदा चढतो.

मग कराल काय, विचाराल. मी आमच्याकडे प्रस्ताव दिला होता. एक सेमिस्टर, वर्गात थोडं, बाकी बाहेर. बोरीला नदीकाठी जायचं, खोडदला २८ फेब्रुवारीला विज्ञान प्रदर्शन असतं तेव्हा पोरं न्यायची, नाणेघाट चढायचा, एका बिबट्याच्या गावात बसून लोकांचं ऐकायचं. प्रत्येक ठिकाणी दोन वेगळ्या विषयांचे शिक्षक बरोबर हवेत आणि त्यांनी पोरांसमोर एकमेकांना अडवायचं, तुला हे कसं कळलं, तुझा पुरावा दाखव. आणि सेमिस्टरच्या शेवटी एक आजचा जिवंत वाद द्यायचा. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग जीएमआरटीमुळे अडला, दुर्बिणीच्या रेडिओ शांततेला धक्का लागेल म्हणून, आणि गाडी दुसरीकडनं न्यायची ठरल्यावर इकडचे लोक चिडले. टोमॅटोच्या क्रेटवाल्याला रेल्वे हवी, आणि ४९० कोटी वर्षं वयाच्या विश्वातनं निघालेली ती अशक्त लहर ऐकायला शांतता हवी. कुणाचं बरोबर? मला स्वतःला दुर्बीण वाचावी असं वाटतं, पण माझा काही माल नाशिकच्या बाजारात न्यायचा नसतो म्हणून असं वाटणं सोपं आहे, हेही कळतं.

प्रस्ताव प्राचार्यांनी शांतपणे वाचला. माणूस चांगला आहे. म्हणाले मॅडम, कल्पना छान, पण एका तासाला दोन शिक्षक दाखवले तर वर्कलोड कुणाच्या नावावर टाकू? अर्धे लोक तासिका तत्त्वावर आहेत, त्यांना सहलीच्या दिवसाचे पैसे कुठल्या हेडमधनं देऊ? खरंच होतं ते, मी काय बोलणार. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं, तिथे मी नमुना प्रश्न दिला होता, बोरीची राख किती जुनी असावी आणि तुम्ही कुणाच्या बाजूने, पुराव्यासह लिहा, पंधरा मार्क. चष्मा वर करून म्हणाले, आणि याचं मॉडेल आन्सर?

मी म्हटलं सर, ते अजून कुणाकडेच नाहीये.

फाइल अजून त्यांच्याच टेबलावर आहे.